चिल्ड बीमला नावे ठेवण्याआधी

"मुंबईत चिल्ड बीम लावलात, तर जुलैत माणसांना टेबलाशी छत्री उघडून बसावे लागेल."

वातानुकूलनाच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हे वाक्य थोड्याफार फरकाने ऐकले आहे. नव्या ऑफिस इमारतीच्या पहिल्या बैठकीत चिल्ड बीमचा विषय निघतो, कोणीतरी ज्येष्ठ सल्लागार हे वाक्य म्हणतात, मालक हसतो, आर्किटेक्ट मान डोलावतो आणि विषय तिथेच मिटतो. मग हवा थंड करून ढकलणारे नेहमीचे एएचयू, नेहमीचे डक्ट, नेहमीचे फॉल्स सीलिंग. पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या इमारतीचे वीजबिल किती येणार, हे त्या दोन मिनिटांत ठरून जाते. मी या वाक्याशी भांडायला बसलो आहे. त्यात अजिबात तथ्य नाही, असे माझे म्हणणे नाही. जे थोडे तथ्य आहे ते भलत्याच्याच माथी मारले जाते, ही माझी तक्रार आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. नावात बीम असला तरी तो इमारतीचा भार घेत नाही. छताखाली टांगलेली पत्र्याची लांबट पेटी, तिच्यात तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांची कॉइल, नळ्यांतून फिरणारे १५-१६ अंशांचे पाणी. साध्या, म्हणजे पॅसिव्ह बीममध्ये खोलीतली गरम हवा वर चढते, कॉइलला लागून गार होते आणि आपल्याच वजनाने खाली उतरते. ॲक्टिव्ह बीममध्ये आधीच कोरडी केलेली ताजी हवा बारीक नोझलमधून जोराने सुटते आणि सुटताना आपल्या दुपटी-चौपटीने खोलीतली हवा कॉइलमधून ओढून घेते. पेटीत पंखा नाही, मोटर नाही, फिल्टर नाही. याच पेटीत दिवे, स्प्रिंकलर, स्मोक डिटेक्टर, हालचाल टिपणारे सेन्सर, घोषणांचे स्पीकर आणि केबली कारखान्यातच बसवून आणल्या की तो होतो मल्टिसर्व्हिस बीम. साइटवर तो टांगायचा, पाण्याचे, हवेचे आणि विजेचे जोड द्यायचे. युरोपातल्या ऑफिसांत हा प्रकार केव्हाच रुळला आहे. आपल्याकडे त्याच्या नावाने अजून खडे फोडले जातात.

आता छत्रीकडे येऊ. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसा थंड कॉइललाही फुटतो, हे खरेच आहे. पण केव्हा? कॉइलचा पृष्ठभाग खोलीतल्या हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असेल तेव्हाच. खोली २४ अंशांवर आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर दवबिंदू येतो १३ अंशांच्या जवळ. बीममधले पाणी १६ अंशांचे. म्हणजे तीन अंशांची मोकळीक हातात आहे. त्याच खोलीत दवबिंदू १६ वर चढायचा असेल, तर आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुढे जायला हवी. ज्या ऑफिसात एसी चालू असूनही आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहते, त्या ऑफिसात बीम असो वा नसो, काहीतरी बिघडलेले आहे. तिथे कार्पेटला कुबट वास येतो, कागद मऊ पडतात, भिंतीला बुरशी धरते. बीम नसला की हा बिघाड लपून राहतो. बीम असला की तो छतावर दिसतो, आणि मग आपण बीमलाच दोषी ठरवतो.

हवेतला ओलावा काबूत ठेवणे ही वातानुकूलनाच्या इंजिनिअरला कोणी वरून लादलेली जास्तीची जबाबदारी नाही. आमचा पेशा तिच्यापासूनच सुरू झाला. विलिस कॅरिअरने १९०२ साली ब्रुकलिनमधल्या सॅकेट अँड विल्हेल्म्स या छापखान्यासाठी यंत्रणा आखली, ती माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हती. दमट हवेत कागद फुगायचा, पुन्हा आक्रसायचा, आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसत नसत. कॅरिअरने थंड कॉइल वापरून हवेतले पाणी काढले. १९११ साली त्याने अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे दमट हवेची सूत्रे मांडली. आमच्या पेशातला प्रत्येक विद्यार्थी ज्या सायक्रोमेट्रिक चार्टवर रेघा मारायला शिकतो, त्याचा पाया तिथे घातला गेला. १९३०च्या दशकाच्या अखेरीस कॅरिअरनेच उंच इमारतींसाठी इंडक्शन युनिटे आणली: जोरात सुटणारी थोडी हवा खोलीतल्या हवेला कॉइलवरून ओढते, हेच तत्त्व. आजचा ॲक्टिव्ह बीम त्याच कुळातला. दवबिंदू सांभाळणे आपल्या हवेत जमणार नाही, असे जो वातानुकूलन सल्लागार म्हणतो, तो आपल्या पेशाचे पहिलेच काम जमणार नाही असे म्हणतो आहे. मला हे फार लागते.

काम अवघड आहे का? आहे, आणि किती अवघड आहे ते आकड्यांत सांगितले पाहिजे. मुंबईच्या जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे किलोभर हवेत सुमारे २० ग्रॅम पाणी. आत आपल्याला हवे असते नऊ-साडेनऊ ग्रॅम. माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा धरली, तर एका माणसाच्या नावाने तासाला सव्वाचारशे मिलिलिटरहून अधिक पाणी हवेतून काढावे लागते. शंभर माणसांच्या ऑफिसात दहा तासांत चारशे लिटरांच्या वर. शिवाय माणसाच्या श्वासातून आणि घामातून तासाला ८० मिलिलिटर येतेच. या सगळ्या पाण्याची सोय ताजी हवा कोरडी करणाऱ्या स्वतंत्र यंत्राने, धंद्यात ज्याला डोआस म्हणतात त्याने, ती हवा खोलीत शिरण्याआधीच करायची असते. त्यासाठी त्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या हवेचा दवबिंदू नऊ-दहा अंशांपर्यंत उतरवावा लागतो. हे यंत्र काटेकोर हवे, त्याची कॉइल खोल हवी, जोडीला बाहेर जाणाऱ्या हवेकडून गारवा आणि कोरडेपणा परत मिळवणारे एन्थाल्पी व्हील हवे. यात तडजोड केली तर छत्रीवाले सल्लागार बरोबर ठरतील, यात शंका नाही.

पण आज आपण तडजोड कुठे करतो ते पाहा. अंधेरीकडच्या एका ऑफिसात पावसाळ्यात मला बोलावले होते. तिथे चिल्ड बीम नव्हता, फॉल्स सीलिंगच्या वर बसवलेले साधे फॅन कॉइल युनिट होते. आणि त्याच्या खाली बादली होती. ७ अंशांचे पाणी वाहणाऱ्या त्या कॉइलवर दिवसभर दव धरत होते, ते ट्रेमध्ये साचत होते, ट्रेची निचऱ्याची नळी शेवाळाने आणि धुळीने तुंबली होती, आणि पाणी टाइलला पिवळा डाग पाडून खाली ठिबकत होते. बादलीवर कोणाचाच आक्षेप नव्हता. दर पावसाळ्यात ती तिथे असायचीच. मी आर्द्रतामापक धरला तर ६८ टक्के. कारण शोधायला फार फिरावे लागले नाही. जिन्याकडचे आगरोधक दार एका अग्निशामक नळकांड्याने उघडे अडकवले होते, कारण माणसे तिथून सिगारेट ओढायला जात. वीज वाचावी म्हणून ताज्या हवेचा डॅम्पर कोणीतरी पूर्ण बंद केला होता, आणि स्वच्छतागृहांचे एग्झॉस्ट पंखे मात्र पूर्ण वेगाने चालू होते. आत हवा येऊ द्यायची नाही आणि बाहेर मात्र ओढत राहायची, म्हटल्यावर इमारत हवा आणणार कुठून? सरकत्या खिडक्यांच्या फटींतून, दारातून, लिफ्टच्या बोळातून. ही हवा कोणत्याही कॉइलवरून न जाता, जुलैचे सगळे पाणी घेऊन सरळ टेबलांवर येत होती.

या ऑफिसात बीम असते तर गळले असते? नक्कीच गळले असते. पण त्यावरून बीम वाईट ठरत नाही. ते ऑफिस ज्या रीतीने चालवले जात होते ती रीत वाईट ठरते. आपल्याकडच्या ऑफिसांत आज जे पाणी ठिबकते, ते बहुतेक वेळा अशा तुंबलेल्या ट्रेंचे असते, आणि त्याबद्दल फॅन कॉइल युनिटावर कोणी बंदी मागत नाही.

दिल्लीत जोरबागला इंदिरा पर्यावरण भवन उभे आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे हे मुख्यालय, २०१४च्या फेब्रुवारीत त्याचे उद्घाटन झाले. छतावर ९३० किलोवॅटची सौर यंत्रणा, आणि वातानुकूलनाचा सुमारे १६० टनांचा भार चिल्ड बीमवर, दुसऱ्या मजल्यापासून सहाव्यापर्यंत. पाणी १६ अंशांना जाते, २० अंशांना परत येते. खोल्या २६ अंशांवर, एखादा अंश इकडे-तिकडे. दिल्ली कोरडी आहे असे म्हणून हे उदाहरण बाजूला सारणाऱ्यांनी तिथला ऑगस्ट अनुभवावा. तेव्हा तिथला दवबिंदूही मुंबईच्या बरोबरीला येतो. आणि हे भवन आखणाऱ्यांनी आपल्या पावसाळ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. त्यांनी बीमखाली निचऱ्याचे ट्रे दिले. स्वीडनमधल्या इंजिनिअरला ते अनावश्यक वाटेल. मला ती आपल्या हवेची नीट घेतलेली दखल वाटते. परदेशातले तंत्र जसेच्या तसे उचलणे आणि ते आपल्या हवेत चालणारच नाही म्हणून टाकून देणे, या दोन्हींपेक्षा हा रस्ता कितीतरी कष्टाचा, आणि तो आपल्याच सरकारी बांधकामात चालून दाखवलेला आहे.

सिंगापूरला तर कोरडा ऋतूच नाही. तिथे झुरिकच्या ईटीएचच्या संशोधकांनी यूडब्ल्यूसीएसईए शाळेच्या डोव्हर आवारातल्या ऑफिसात पॅसिव्ह चिल्ड बीम लावले, आणि ताजी हवा कोरडी करायला छोटी, विखुरलेली यंत्रे दिली. प्रकल्पाचे नावच 'थ्री फॉर टू': डक्टची जागा काढून घेतली तर दोन मजल्यांच्या उंचीत तीन मजले बसवता येतील, ही कल्पना. बारमाही दमट हवेत जर हे शक्य आहे, तर आपल्या चार महिन्यांचे एवढे भय का?

जाणकार मंडळी यावर एक सरस आक्षेप घेतात. ताजी हवा कोरडी करायला ६-७ अंशांचे पाणी लागणारच, म्हणजे इतके थंड पाणी करणारा चिलर ठेवावाच लागणार. मग १६ अंशांच्या पाण्याने काय वाचले? या आक्षेपाला हिशेबानेच उत्तर दिले पाहिजे. हजार चौरस मीटरचे, शंभर माणसांचे ऑफिस धरा. खोलीतली कोरडी उष्णता चौरस मीटरला ७० वॅट, म्हणजे एकूण ७० किलोवॅट. यातले दहा-अकरा किलोवॅट थंड ताजी हवाच उचलते, उरलेले ६० बीम उचलतात. ताजी हवा मुंबईच्या जुलैतून कोरडी करायला साधारण ५५ किलोवॅट लागतात. पण बाहेर टाकायच्या थंड, कोरड्या हवेकडून एन्थाल्पी व्हीलने परतफेड घेतली, तर ते तीस-पस्तीसवर येते. म्हणजे सगळा भार ७ अंशांच्या पाण्यावर टाकण्याऐवजी त्याचा जवळपास दोन तृतीयांश भाग १६ अंशांच्या पाण्यावर जातो. चिलरमधून निघणाऱ्या पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवले की त्याची वीज दोन-तीन टक्क्यांनी घटते. ७ ते १६ या नऊ अंशांत त्या भागावरची ही बचत वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात जाते, आणि तीही जुलैत. डिसेंबरात बाहेरची हवा कोरडी असते, तेव्हा ताज्या हवेचा भार आणखी उतरतो आणि पारडे बीमकडे अधिकच झुकते.

आणि चिलर ही अर्धीच गोष्ट. ते ६० किलोवॅट हवेने वाहून न्यायचे, तर सेकंदाला पाच घनमीटर हवा ढकलावी लागते. डक्ट साधारण दीड मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच. तेच पाण्याने न्यायचे तर अडीच इंची पाइप पुरतो. तितक्याच आकारमानात आणि तितक्याच अंशांच्या फरकाने पाणी हवेच्या तीन हजार पटींहून जास्त उष्णता वाहते. हा निसर्गाचा नियम आहे, कोणा कंपनीच्या माहितीपत्रकातला दावा नाही. पाच घनमीटर हवा ढकलणारे पंखे वर्षभर जी वीज खातात तिच्याकडे बैठकीत कोणाचे लक्ष नसते, कारण सगळे चिलरच्या टनांबद्दल बोलत असतात.

या बचतीची मोजदाद भारतातच झालेली आहे. हैदराबादजवळ पोचारममध्ये इन्फोसिसने एक इमारत बांधली आणि तिचे दोन अर्धे केले. एका अर्ध्यात नेहमीची हवेवर चालणारी उत्तम दर्जाची यंत्रणा, दुसऱ्यात स्लॅबमध्ये पुरलेल्या नळ्यांतून फिरणारे थंड पाणी आणि ताज्या हवेचे स्वतंत्र यंत्र. २०११पासून दोन्हींना वेगवेगळे मीटर. पहिल्या वर्षी नेहमीच्या अर्ध्याने वातानुकूलनासाठी चौरस मीटरला ३८.७ युनिट खाल्ले, पाण्याच्या अर्ध्याने २५.७. एक तृतीयांशाहून अधिक बचत, साधारण तेवढीच माणसे, तसेच काम, तेच ऊन. खर्चही पाण्याच्या बाजूचा किंचित कमीच भरला. तिथे बीम नाहीत, स्लॅब आहे. हैदराबादची हवा मुंबईपेक्षा कोरडी आहे. हे दोन्ही फरक मी नजरेआड करत नाही. पण खोलीतली उष्णता बेताच्या थंड पाण्याने आणि ओलावा वेगळ्या हवेने काढायचा, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. महाग, महाग म्हणून जो ओरडा होतो त्याला या इमारतीने परस्पर उत्तर दिले आहे.

दिवे आणि गारवा एकाच पेटीत घालण्यावर वेगळा वाद आहे, आणि तो मला जास्त जिव्हाळ्याचा वाटतो. आक्षेप असा: दिवे आठ-दहा वर्षांत बदलतात, कॉइल पंचवीस वर्षे टिकते, दोघांना एकत्र बांधून ठेवणे शहाणपणाचे नाही. एके काळी याच्या जोडीला आणखी एक सबळ कारण होते. टी-५ ट्यूबलाइटची नळी भोवतालची हवा ३५ अंशांच्या आसपास असताना सगळ्यात जास्त उजेड देते. बीममधून उतरणारी गार हवा तिला लागली की उजेड मंदावायचा. म्हणून जुन्या मल्टिसर्व्हिस बीममध्ये नळीला हवेपासून आडोसा द्यावा लागे. एलईडीने हे उलटे केले. एलईडी जितका थंड, तितका त्याचा उजेड आणि आयुष्य चांगले. आणि दिव्यांची उष्णताही खाली आली: पूर्वी ऑफिसात चौरस मीटरला पंधरा-वीस वॅट दिवे असत, पर्यावरण भवनात ते ५ वॅटवर आणले आहेत. जो आक्षेप वीस वर्षांपूर्वी योग्य होता, तो आज केवळ सवयीने उच्चारला जातो. राहिला बदलण्याचा प्रश्न. चांगल्या बीममध्ये दिव्याची पट्टी आणि तिचा ड्रायव्हर कॉइलला हात न लावता खालून काढता येतो. निविदेत तशी अट घालायला कोणी अडवलेले नाही.

एकत्र करण्याचा खरा फायदा मात्र विजेपलीकडचा आहे. आज आपल्या ऑफिसच्या छतात पाच ठेकेदार वावरतात: एसीवाला, इलेक्ट्रिकवाला, फायरवाला, सीलिंगवाला, आणि इमारतीची स्वयंचलित नियंत्रणे (बीएमएस) बसवणारा बीएमएसवाला. प्रत्येकाचा नकाशा वेगळा, प्रत्येकाची तारीख वेगळी. एसीवाला डक्ट टाकून जातो, मग स्प्रिंकलरवाल्याला पाइप वळवावा लागतो, मग दिव्यांची रांग तिरकी होते, मग डिफ्यूझर बरोबर स्मोक डिटेक्टरशेजारी येतो आणि धूर त्याच्यापासून दूर ढकलला जातो. शेवटी हे सारे झाकायला फॉल्स सीलिंग. ते झाकण मजल्याची उंची खाते आणि वरची चूक वर्षानुवर्षे लपवते. मल्टिसर्व्हिस बीममध्ये हे पाच जण कारखान्यात एका टेबलाशी बसल्याशिवाय वस्तू तयारच होत नाही. स्प्रिंकलरचा फवारा पेटीच्या कडेला अडत नाही ना, दिव्याची चमक डोळ्यात जात नाही ना, हे कागदावर आणि नमुन्यावर आधी तपासले जाते. फॉल्स सीलिंग गेले की वरचा स्लॅब मोकळा होतो. त्याला पांढरा रंग दिला आणि थोडा उजेड वर टाकला, तर खोली उजळ दिसते आणि टेबलावर कमी वॅट पुरतात.

उंचीचा मुद्दा मुंबईत तर सोन्याच्या भावाचा आहे. विमानतळाच्या फनेल झोनमध्ये, कुर्ला, सांताक्रूझ, विलेपार्ले या पट्ट्यांत, इमारतीची उंची वरून बांधलेली असते. हातात असलेला एफएसआयही कित्येकदा पूर्ण वापरता येत नाही. मजल्यामागे एक फूट जरी डक्टकडून परत मिळवला, तरी बारा-तेरा मजल्यांत एक अख्खा मजला उभा राहतो. चौरस फुटासाठी भांडणारे विकासक या एका फुटाकडे बघत नाहीत, हे मला अजूनही कळत नाही.

कुठे लावू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगतो. सतत दार उघडणारी बँकेची शाखा, मॉल, उपाहारगृह, लग्नाचा हॉल, व्यायामशाळा: इथे ओलावा आवाक्यात राहत नाही, इथे बीमचा आग्रह धरणारा माणूस तंत्राचा शत्रू आहे. इमारतीच्या प्रवेशदालनातही नको. ऑफिसातल्या पँट्रीवर, जिथे चहाच्या यंत्राची वाफ दिवसभर वर जाते, तिथेही नको. पश्चिमेकडे बिनछायेची काच लावून वर बीमने सांभाळून घ्या म्हणणाऱ्या आर्किटेक्टला स्पष्ट नाही म्हणावे. बीम चौरस मीटरला साधारण १०० वॅटपर्यंत झेपवतो, दुपारच्या उन्हात तापलेल्या काचेपुढे तो तोकडा पडतो. शनिवार-रविवार बंद राहिलेल्या ऑफिसात सोमवारी सकाळी आधी ताज्या हवेचे यंत्र चालवून खोली कोरडी करायची, दवबिंदू उतरला की मगच बीमचे व्हॉल्व्ह उघडायचे. हा क्रम बीएमएसमध्ये घातला नाही आणि सुपरवायझरच्या आठवणीवर सोडला, तर त्या सोमवारी पाणी ठिबकेल.

मग एवढे असून आपल्याकडे हे तंत्र का रुजत नाही? माझ्या मते पावसाळ्यापेक्षा भाडेकराराची रचना याला जास्त जबाबदार आहे. विकासक रिकामा गाळा देतो, त्यासोबत ७ अंशांचे पाणी आणून सोडतो, आणि आतले काम भाडेकरू आपल्या इंटिरिअर डिझायनरकडून करून घेतो. यंत्रणेचा भांडवली खर्च एकाचा, वीजबिल दुसऱ्याचे. ज्याला वाचवायचे आहे त्याच्या हातात चिलर नाही, ज्याच्या हातात चिलर आहे त्याला बिल भरायचे नाही. भाडेकरूने उद्या बीम लावायचे ठरवले तरी त्याला १६ अंशांचे पाणी मिळत नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या कूलिंग ॲक्शन प्लॅनने देशाची गारव्याची मागणी २०३७-३८ पर्यंत २०१७-१८च्या आठपट होईल असा अंदाज मांडला आहे. त्या आठपटीतला मोठा हिस्सा अजून बांधल्याच न गेलेल्या इमारतींतून येणार आहे, आणि त्या इमारतींचे करार आजच्याच साच्यातून निघत आहेत.

गारवा म्हणजे काय, हाही एक झगडा आहे. जून महिन्यात शाली गुंडाळून कीबोर्डवर बोटे चालवणाऱ्या बायका मी आमच्याकडच्या जवळपास प्रत्येक ऑफिसात पाहिल्या आहेत, आणि त्याच खोलीत थर्मोस्टॅट २० वर. बीम खोलीला २० वर नेण्यासाठी बनलेलेच नाहीत. ते २४-२५ वर, कमी वाऱ्यात, कमी आवाजात सुखाने काम करू देतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोही २०१८पासून २४ अंशांचाच सल्ला देत आला आहे. २० अंशांचा हट्ट धरणाऱ्या मालकाला बीम नापास वाटतील. त्या हट्टापायी जी माणसे रोज आठ तास थंडीत आखडतात, त्यांचे मत कोणी विचारत नाही.

माझी मागणी छोटी आहे आणि ती थेट निविदेत लिहिता येते. बीम, ताज्या हवेचे यंत्र, दिवे आणि नियंत्रण या चारही कामांची जबाबदारी एकाच ठेकेदाराकडे द्या. इमारतीच्या हवाबंदपणाची चाचणी बीम टांगण्याआधी घ्या आणि ती नापास झाली तर काम तिथेच थांबवा. प्रत्येक मजल्यावर दवबिंदूची नोंद ठेवणारा सेन्सर लावा आणि त्याचा आलेख भाडेकरूला रोज पाहू द्या. स्वच्छतागृहांचा एग्झॉस्ट ताज्या हवेपेक्षा कधीच जास्त होणार नाही, अशी साखळी नियंत्रणातच घाला. आणि ठेकेदाराची राखून ठेवलेली रक्कम काम संपल्यावर किंवा उद्घाटनाच्या दिवशी नव्हे, तर भरलेल्या ऑफिसात पहिला पूर्ण पावसाळा काढल्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, त्या आलेखावर सही झाल्यावरच सोडा.